सून कुठून आली, कधी आली, आणि घरात मुलं किती

सोलापुरात एक वाक्य मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये आणि दख्खनीत, चारही बोलींत कानावर पडतं : "त्यांच्यात पोरं फार असतात." यातले 'ते' कोण, हे बोलणाऱ्यावर ठरतं. मराठी माणूस शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांबद्दल बोलत असतो, विणकर मुसलमान शेजाऱ्यांबद्दल, पेठेतले लोक ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांबद्दल, आणि तीन पिढ्यांपूर्वी शहरात आलेलं कुटुंब कालपरवा आलेल्या भाडेकरूबद्दल. मुलं किती व्हायची हे त्या त्या समाजाच्या स्वभावातच असतं आणि ते बदलत नाही, असं प्रत्येकाने धरलेलं असतं.

समाजासमाजांत फरक असतात, ते मोजताही येतात. ते नाकारून काही साधत नाही. पण ते कशामुळे पडतात आणि किती दिवस टिकतात, हे नीट पाहिलं की चित्र पार वेगळं दिसतं. धर्म आणि भाषा विचारण्याआधी चार गोष्टी विचारल्या पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. बाई कोणत्या वयात इथे आली, कशासाठी आली, इथे काय काम करते, आणि मूल झाल्यावर तिच्या हाताशी कोण असतं.

सोलापूरसारखं गाव या विषयासाठी शोधून सापडणार नाही. १८६० मध्ये इथे रेल्वे आली, १८७७ मध्ये कापडगिरणी उभी राहिली, तिला लोक अजून 'जुनी मिल' म्हणतात. शहराच्या वेशीपासून थोड्याच अंतरावर निजामाचं राज्य सुरू होत असे. तिकडच्या करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर भागांतून पद्मशाली विणकर हातमागाचं कसब घेऊन आले आणि पूर्व भागात स्थिरावले. पुरुष मागावर, बायका विड्यांवर, अशी घरं चालली. कन्नड बोलणारी कुटुंबं तर पूर्वापार इथलीच, मोमीन विणकरही जुने. महापालिकेने शाळा काढल्या त्या मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा माध्यमांच्या. इथे अल्पसंख्य कोण आणि बहुसंख्य कोण, हे चौक ओलांडला की बदलतं.

आधी मोजमाप समजून घेऊ. 'एकूण जननदर' हा शब्द बातम्यांत येतो. त्याचा अर्थ असा : यंदा वीस वर्षांच्या बायकांना किती मुलं झाली, एकवीस वर्षांच्यांना किती, असं एकेका वयाचं प्रमाण काढायचं आणि पंधरा ते एकोणपन्नास वयापर्यंतची सगळी प्रमाणं बेरजेला घ्यायची. जी संख्या येते ती म्हणजे, हीच गती कायम राहिली तर एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील याचा अंदाज. हा आकडा साधारण २.१ असला तर एक पिढी आपली जागा पुढच्या पिढीने भरून काढते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारताचा दर २.० होता, महाराष्ट्राचा १.७, कर्नाटकाचा १.७, तेलंगणाचा १.८. म्हणजे सोलापुरातले लोक ज्या ज्या प्रदेशांतून आले, ते सगळे आज २.१ च्या खाली आहेत. तेलंगणातल्या खेड्यातून आज येणारी सून पन्नास वर्षांपूर्वी आलेल्या सुनेसारखी नाही, कारण तिचं गावही मागे राहिलेलं नाही. आपल्या डोळ्यांसमोर मात्र आजेसासूच्या वेळचं गाव असतं.

माझ्या ओळखीचं एक घर आहे, कुंभारीच्या विडी घरकुलातलं, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतलं. घरातली आजी करीमनगरकडच्या खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हा पंधरा-सोळाची असेल. तिला सहा मुलं झाली, चार जगली. सून सोलापुरातच जन्मलेली. तिला दोन मुली आणि तिसरा मुलगा, मग ऑपरेशन. नात बी. कॉम. झाली, पुण्यात नोकरी करते, सत्तावीसाव्या वर्षी लग्न झालं, एक मुलगी आहे आणि दुसऱ्याचा विचार नाही. एकाच घरात, एकाच जातीत, एकाच घरच्या भाषेत सहा, तीन आणि एक.

या बदलाची उकल अभ्यासक दोन टप्प्यांत करतात. माणूस ज्या गावात वाढतो तिथलं वळण सोबत घेऊन येतो. किती मुलं म्हणजे भरलं घर, पहिलं मूल लग्नानंतर किती दिवसांत व्हायला हवं, मुलगा नसेल तर काय, या कल्पना बालपणीच अंगी मुरलेल्या असतात. म्हणून मोठ्या वयात आलेल्यांचं वागणं मूळ गावासारखं राहतं. पण हळूहळू नव्या गावातली घरभाडी, शाळेची फी, कामाच्या वेळा, दवाखाना, शेजारणी यांच्यामुळे हिशेब बदलतो. लहानपणीच आलेल्या मुली आणि इथे जन्मलेल्या मुली यांच्यात हा बदल सर्वांत ठळक दिसतो. ब्रिटनमध्ये गेलेल्या पाकिस्तानी आणि बांगलादेशी कुटुंबांत, जर्मनीतल्या तुर्की कुटुंबांतही हेच दिसलं आहे : तिथे जन्मलेल्या मुलींना आयांपेक्षा कमी मुलं. सगळेच एका वेगाने बदलत नाहीत, काहींना दोन पिढ्या लागतात, पण बदलाची दिशा बहुतेक ठिकाणी एकच आहे.

त्या घरातल्या आजीचं काम जवळून पाहिलं की तिला सहा मुलं कशी झेपली हेही कळतं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून मऊ केलेली पानं. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याने बांधायचं. मजुरी दर हजार विड्यांमागे. सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचला माल द्यायचा, तिथे खराब ठरलेल्या विड्या बाजूला निघाल्या की तेवढी मजुरी गेली. हे काम घरातल्या घरात होतं, मांडीशेजारी बाळ झोपू शकतं, चूल सांभाळता येते. आणि थोरली मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की पानं कापू लागते, दोरा बांधू लागते. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीकामाला लहान मुलांना लावायला बंदी घातली होती, पण घरच्या घरी आईबापांना केलेली मदत त्यातून सुटली होती. जिथे मूल सांभाळता सांभाळता आईचं काम होतं आणि वाढतं मूल कामाला हात लावतं, तिथे आणखी एक मूल म्हणजे खर्चात मोठी भर नसते. सुनेच्या वेळी मुली शाळेत जाऊ लागल्या. शाळेत जाणारी मुलगी दोरा बांधत नाही, तिला वह्या, गणवेश आणि शिकवणी लागते. हिशेब उलटला. नातीची नोकरी तर सकाळी नऊला घराबाहेर पडण्याची, तिथे पाळणाघराच्या फीवरच गाडी अडते. तिन्ही बायकांच्या विचारांत फरक आहेच, पण तो फरक घडवणाऱ्या गोष्टी त्यांच्या हातातल्या कामातही आहेत, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एक गोष्ट इथे वेगळी काढून सांगायला हवी. कमी मुलं म्हणजे उशिरा लग्न, असं आपण गृहीत धरतो. ते दक्षिणेकडे आणि आपल्याकडेही खरं ठरत नाही. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत सोलापूर जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याची सरासरी २१.९ टक्के. तरी मुलं कमी. कारण लग्न सतराव्या-अठराव्या वर्षी, दोन बाळंतपणं लागोपाठ आणि पंचविशीच्या आत ऑपरेशन. मुलांची संख्या पाहून या बाईचं आयुष्य सुधारलं म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे. कुटुंब कधी सुरू झालं हे वेगळं मोजायला हवं आणि त्यात किती मुलं झाली हे वेगळं.

आता स्थलांतराचा आकड्यांवर होणारा एक परिणाम पाहू. तो इतका फसवा आहे की शिकलेली माणसंही त्यात अडकतात. माणसं घर बदलतात तेव्हा मुलाचा विचार पुढे ढकलतात. खोली मिळू दे, काम लागू दे, मग बघू. आणि बऱ्याच बायका तर लग्नासाठीच येतात. भारतातल्या जनगणनेत स्त्रियांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न हेच असतं. म्हणजे आल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत मुलं होणं स्वाभाविक आहे. स्वीडनमध्ये गुनार अँडरसन यांनी बाहेरून आलेल्या स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आल्यानंतरच्या लगतच्या काळात मुलं होण्याचं प्रमाण उंच असल्याचं त्यांना दिसलं. पुढे ते प्रमाण खाली येतं.

आता समजा, एका शहरात बाहेरगावाहून तीन तुकड्यांत बायका येतात. शंभर जणी विसाव्या वर्षी, शंभर पंचविसाव्या वर्षी, शंभर तिसाव्या वर्षी. प्रत्येकीला आल्यानंतर पुढच्या वर्षी एक मूल होतं आणि तेवढंच. आयुष्यभरात प्रत्येकीला एकच. आता शहरातला माणूस दर काढायला बसतो. एकवीस वर्षांच्या वयात शहरात या गटाच्या शंभरच बायका आहेत आणि शंभर मुलं : प्रमाण १. सव्विसाव्या वर्षी शहरात दोनशे बायका, मुलं शंभर : प्रमाण ०.५. एकतिसाव्या वर्षी तीनशे बायका, मुलं शंभर : ०.३३. बेरीज १.८३. प्रत्येकीला मूल एकच असताना दर जवळजवळ दोन दिसतो. हिशेबात चूक नाही. चूक आहे ती ज्या वर्षांत त्या बायका बिनमुलांच्या होत्या ती वर्षं इथे न मोजल्याची, कारण ती वर्षं त्यांनी आपल्या गावी काढली. फ्रान्समध्ये लोराँ तुलेमाँ यांनी हेच दाखवलं. स्थलांतरित स्त्रियांचा दर नेहमीच्या पद्धतीने काढला तर तो खऱ्यापेक्षा जास्त येतो. आलेल्या वयाची दखल घेतली की खाली उतरतो. म्हणून 'बाहेरून आलेल्यांचा जननदर इतका' असा मथळा वाचला की, त्या बायका कधी आल्या हे मी आधी शोधतो.

ऊसतोडीचं स्थलांतर या सगळ्यापेक्षा निराळं आहे आणि सोलापूरशी त्याचा संबंध फार जवळचा. जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या ट्रॅक्टरमागून येऊ लागतात. मुकादम उचल देतो ती बहुतेक जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एकट्या तरुणाला उचल कमी मिळते, म्हणून हंगामाआधी त्याचं लग्न उरकण्याची घाई होते. मुलीच्या आईबापांचा हिशेब त्याहून कठीण. दोघं पाच-सहा महिने फडात, वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? लग्न करून दिलं की ती नवऱ्याबरोबर जाते. बीड जिल्ह्यात अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण त्याच पाहणीत ४३.७ टक्के होतं. गरिबी, दुष्काळ, शाळा दूर असणं ही कारणं त्यात आहेतच, पण कामाचं एकक जोडी असणं हे त्यातलं मोठं कारण मला दिसतं.

लग्न ठरवण्याच्या वेळेपासून बाळंतपणापर्यंत सगळं हंगामाला बांधलेलं. दिवस गेलेली बाई मोळी उचलते, फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बाळंत होते, लसीकरणाचं कार्ड गावच्या अंगणवाडीत राहतं आणि बाळ दुसऱ्या तालुक्यात. एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून पाळीच्या त्रासावर गर्भाशय काढून टाकण्याचा मार्ग किती जणींनी पत्करला हे २०१९ मध्ये बाहेर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात तपासणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कित्येकींचं वय चाळीसच्या आत. या बायकांना मुलं किती झाली हा आकडा पुढे ठेवून 'त्यांच्यात असंच असतं' म्हणणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही सोबत ठेवावा. मुलांसाठी २०२१ मध्ये शासकीय वसतिगृहांची योजना आली. मुलगी वसतिगृहात राहून दहावी झाली तर तिच्या लग्नाचं वय आपोआप पुढे सरकेल, हे त्या आईबापांना पटवून द्यावं लागत नाही. त्यांना फक्त खाट आणि भरवसा हवा आहे.

आणखी एक मुद्दा थोडक्यात. गाव सोडणारी माणसं गावाची सरासरी माणसं नसतात. नर्सिंगला किंवा आयटीत पुण्याला गेलेली पूर्व भागातली मुलगी जाण्याआधीच आपल्या गल्लीतल्या इतर मुलींपेक्षा वेगळा विचार करत असते. पुढे तिला एकच मूल झालं, तर ते सगळं पुण्यामुळे झालं असं म्हणता येत नाही.

आता अल्पसंख्य असण्याचा प्रश्न. शिक्षण, उत्पन्न, काम, शहर-खेडं हे सगळं सारखं असलेली दोन घरं घेतली, एक बहुसंख्य समाजातलं आणि एक अल्पसंख्य समाजातलं, तरी मुलांत फरक उरतो का? १९६९ मध्ये अमेरिकेत कॅल्विन गोल्डशायडर आणि पीटर उलनबर्ग यांनी हा प्रश्न मांडला. तोवर समज असा की फरक निव्वळ शिक्षण आणि पैशाचे आहेत, ते भरून निघाले की मुलांची संख्याही एक होईल. या दोघांना दिसलं की तसं होत नाही. ज्यू, जपानी वंशाचे अमेरिकन, शहरातले शिकलेले कृष्णवर्णीय यांच्यात सारख्या शिक्षणाच्या गोऱ्यांपेक्षाही मुलं कमी होती. त्यांचं स्पष्टीकरण मला सोलापुरात राहून लगेच पटतं. ज्याला वर यायचं आहे पण आपली जागा पक्की नाही हे ठाऊक आहे, तो प्रत्येक मुलावर जास्त पणाला लावतो. मुलं कमी, शिक्षण जास्त, जोखीम कमी. पण समाजाची शिकवणच जास्त मुलांच्या बाजूची असेल तर हे लागू होत नाही, असंही त्यांनी सांगून ठेवलं.

आणि उलट दिशेची उदाहरणंही आहेत. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात फ्रेंच बोलणारे कॅथलिक लोक इंग्रजी बहुसंख्येत वेढलेले होते. तिथे मोठी कुटुंबं हा समाज टिकवण्याचा मार्ग मानला गेला, चर्चचं पाठबळ होतं. १९६० नंतरच्या काही वर्षांत शाळा आणि दवाखाने चर्चच्या हातून सरकारकडे गेले, मुली शिकल्या, आणि तिथला जननदर झपाट्याने कोसळला. भाषा तीच, धर्म तोच. आपल्याकडे दुसरं टोक पारशी समाजाचं. २००१ मध्ये देशात ६९,६०१ पारशी होते, २०११ मध्ये ५७,२६४. २०१३ मध्ये सरकारला 'जियो पारसी' ही योजना सुरू करावी लागली. शिक्षण भरपूर, लग्नं उशिरा, अनेकजण अविवाहित, आणि समाजातच लग्न करायचं म्हटलं तर स्थळं मोजकी. लहान समाजात स्थळांचा हा तुटवडाच लग्नाचं वय पुढे ढकलतो. एकाच 'अल्पसंख्य' स्थितीतून मोठं कुटुंबही येतं आणि रिकामं घरही.

हिंदू-मुस्लिम तुलना या लेखात टाळली असती तर वाचकांनी ती मनात केलीच असती, म्हणून आकडे सांगतो. १९९२-९३ च्या पहिल्या पाहणीत मुस्लिम स्त्रियांचा दर ४.४ आणि हिंदू स्त्रियांचा ३.३ होता. २०१९-२१ मध्ये २.४ आणि १.९. तीस वर्षांत अंतर १.१ वरून अर्ध्याच्या आसपास आलं, आणि घसरण मुस्लिम स्त्रियांमध्ये जास्त झाली. याच पाहणीत शाळेत न गेलेल्या स्त्रियांचा दर २.८ होता आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्यांचा १.८. म्हणजे शिक्षणामुळे पडणारं अंतर धर्मामुळे दिसणाऱ्या अंतराच्या दुप्पट. केरळमधल्या मुस्लिम स्त्रियांचा दर बिहारमधल्या हिंदू स्त्रियांपेक्षा कमी आहे. शिक्षण आणि उत्पन्न सारखं धरलं तर हिंदू-मुस्लिम फरक बराच आटतो, संपूर्ण जात नाही. जो उरतो त्यात ऑपरेशनबद्दलचा संकोच आहे, बायकांना घराबाहेर कमी मिळणारं काम आहे, आणि माझ्या मते, वस्तीत दंगलीची आठवण जिवंत असताना भावंडं म्हणजे आधार ही भावनाही आहे. शेवटची गोष्ट सिद्ध करणं कठीण आहे. पण असुरक्षिततेचा आणि मुलांच्या संख्येचा संबंध असतो, याला जर्मनीत चांगला आधार मिळाला.

जर्मनीत १ जानेवारी २००० पासून कायदा बदलला. तोवर परक्या आईबापांच्या मुलाला तिथे जन्मूनही नागरिकत्व मिळत नसे. नव्या कायद्याने आई किंवा वडील आठ वर्षं कायदेशीर राहत असतील तर बाळाला जन्मतःच नागरिकत्व मिळू लागलं. नागरिकत्व मिळतंय म्हणून लोक जास्त मुलं जन्माला घालतील, अशी कुणालाही शंका येईल. अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा उलटं निघालं. या कुटुंबांत मुलं कमी होऊ लागली आणि झालेल्या मुलांची तब्येत सुधारली. मुलाचं भविष्य पक्कं झालं की आईबाप संख्येपेक्षा त्या मुलावर खर्च करतात.

सगळंच मात्र नव्या मातीत विरघळत नाही. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत भारतीय, चिनी आणि कोरियन वंशाच्या कुटुंबांत एक अस्वस्थ करणारी गोष्ट सापडली. पहिल्या दोन मुली असतील तर तिसरं अपत्य मुलगा असण्याचं प्रमाण मुलींच्या दीडपट होतं. मुलं कमी करणं या लोकांनी शिकून घेतलं, घरं मोठी झाली, इंग्रजी आलं, पण मुलगा हवा ही गाठ सुटली नाही. कमी मुलांच्या हट्टात ती उलट अधिक आवळली गेली. आपल्या घरकुलातल्या सुनेचं ऑपरेशन तिसऱ्या मुलानंतरच झालं, हे आठवलं तर फार लांब जावं लागत नाही.

उरला चौथा प्रश्न, हाताशी कोण. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळाला अंघोळ घालणारी बाई, रात्री बाळ घेऊन बसणारी आई, ही सगळी व्यवस्था म्हणजे एका बाईला दुसऱ्या मुलाचं धैर्य देणारी गोष्ट. माहेर लांब गेलं की हे तुटतं. पद्मशाली समाजात मामाशी किंवा मामाच्या मुलाशी लग्न करण्याची जुनी रीत होती, त्यामुळे मुलगी घरच्याच माणसांत राहायची. सोलापूर, भिवंडी, सुरत, मुंबई अशी विणकरांची गावं सोयरिकीने बांधली गेली ती यातूनच. परक्या गावात बिऱ्हाड मांडलं तरी तिथे कुणी मावशी, कुणी आत्या निघायची. रक्तातल्या जवळच्या लग्नांनी आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो, आणि ती रीत आता कमी होते आहे हे चांगलंच आहे. पण तिच्याबरोबर जाणारा आधार दुसरीकडून कुठून येणार, हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेत असलेल्या मुलीकडे आई सहा महिन्यांच्या व्हिसावर जाते, ती परतली की सासूबाई जातात. एच-१बी या कामाच्या व्हिसावर गेलेल्या नोकरदाराच्या पत्नीला तिथे २०१५ पर्यंत तिच्या व्हिसावर काम करण्याची परवानगीच नव्हती. मूल कधी होऊ द्यायचं हे अशा घरात पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरही ठरतं. पुण्यातल्या मुलीला व्हिसा लागत नाही, पण आई विड्यांची मजुरी सोडून किती आठवडे राहणार?

म्हणून पुण्यातल्या कित्येक सोलापूरच्या मुली पहिल्या बाळंतपणाला अजून माहेरी येतात. जन्माची नोंद जिथे मूल जन्मलं तिथे होते, आईबाप राहतात तिथे नाही. त्या बाळाचा दाखला सोलापूर महापालिकेचा, लस दोन-तीन महिने इथली, आणि मग ते बाळ पुण्याला जातं. दुसरं मूल झालंच तर ते बहुधा पुण्यात जन्मतं आणि तिथल्या नोंदीत जातं. पूर्व भागातल्या एखाद्या वस्तीत गेल्या वर्षी किती जन्म झाले यावरून सहा वर्षांनी तिथल्या शाळेत किती मुलं येतील, किंवा 'त्यांच्यात' किती मुलं होतात, हे काढायला गेलं तर दोन्ही उत्तरं चुकतात.